धाप फुप्फुसाची, मग सोडियम-पोटॅशियम कशाला?

शिंदखेडा तालुक्यातल्या एखाद्या गावातून साठी ओलांडलेल्या बाईला धाप लागली म्हणून धुळ्याला आणतात. ‘माले दम लागस’ एवढेच ती कसेबसे सांगते. छाती वाजत असते, ओठ निळसर पडलेले असतात. ऑक्सिजन लागतो, वाफेचे मशीन लागते, शिरेतून स्टेरॉइड जाते. रात्रीतून छाती मोकळी होते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिला कुशीवर वळता येत नाही, हातात कप धरवत नाही. कधी ती पोटच्या मुलाला ओळखत नाही, भलतेच काही बोलू लागते. डॉक्टर रक्त काढायला सांगतात. चिठ्ठीवर लिहिलेले असते : सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड.

‘आजार छातीचा आणि तपासणी क्षारांची, असे का?’ हा मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे. वॉर्डातल्या गर्दीत त्याचे उत्तर द्यायला कुणाला सवड मिळत नाही. ते समजून घेतले, तर कुठले औषध कशासाठी चालू आहे, डॉक्टरांना कोणती गोष्ट आवर्जून सांगायला हवी आणि घरी कोणता उपाय करू नये, हे सगळे आपोआप उलगडते.

चुलीचा धूर आणि अडलेला श्वास

या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. बोलीत दमाच म्हणतात, पण खरा दमा येतो आणि जातो. सीओपीडीत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या फाटून सैल पडतात आणि आत गेलेली हवा पूर्ण बाहेर येत नाही. भारतात २०१६ साली अशा रुग्णांची संख्या सुमारे साडेपाच कोटी होती, १९९०च्या जवळपास दुप्पट.

हा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच आजार, ही समजूत फार खोल रुजलेली होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये तिला मोठा धक्का दिला. जगभरची आकडेवारी एकत्र मांडून त्यांनी दाखवले, की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेले नसते. त्यांच्या फुप्फुसात जातो तो लाकूड, शेणी आणि पिकांच्या काडीकचऱ्याचा धूर. कपाशी वेचून झाली की पऱ्हाट्या उपटून घराच्या भिंतीला रचून ठेवायच्या आणि वर्षभर चुलीत घालायच्या, हे खान्देशात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. पऱ्हाटी भडकन पेटते आणि धूरही तेवढाच करते. चाळीस वर्षे त्या धुरात भाकरी थापलेल्या बाईला ‘तू तर बिडी ओढत नाहीस, तुला कशाला होईल?’ असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

श्वास अडला की आम्ल साचते

आपण श्वास घेतो तो ऑक्सिजनसाठी, एवढेच शाळेत मनावर ठसते. श्वास बाहेर टाकण्याचे काम तितकेच मोठे आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीरही दर मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करते. दिवसाचा हिशेब तीनशे लिटरच्या आसपास जातो. हा वायू रक्तातल्या पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल बनते. फुप्फुसे तो सतत बाहेर फेकत असतात, म्हणून रक्त आंबट होत नाही.

सीओपीडी वाढत गेला की ही सफाई अपुरी पडते. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी ४० च्या आसपास असतो, तो ५०, ६० किंवा त्याहून वर चढतो. रक्ताची आम्लता वाढते. शरीरातली प्रथिने, स्नायू, हृदय यांचे काम आम्लतेच्या फार अरुंद पट्ट्यात चालते. पीएच नावाच्या मापाने सांगायचे तर ७.३५ ते ७.४५ एवढाच तो पट्टा. त्याच्या बाहेर गेले की सगळीच यंत्रणा ढेपाळते. फुप्फुसे दुरुस्त होणार नसतात, तेव्हा बिघाड सावरायला दुसऱ्या कुणाला तरी पुढे यावे लागते. ते काम मूत्रपिंडे करतात.

मूत्रपिंडांनी सावरले, क्लोराइडने सोसले

मूत्रपिंडे लघवीवाटे आम्ल बाहेर टाकू लागतात आणि आम्लाचा उतारा असलेले बायकार्बोनेट रक्तात राखून ठेवतात. हे काम सावकाशीचे आहे. फुप्फुसांच्या बिघाडाला मूत्रपिंडांचे पूर्ण उत्तर मिळायला तीन ते पाच दिवस लागतात. दीर्घकाळच्या रुग्णात कार्बन डायऑक्साइडचा दाब १० ने वाढला, की बायकार्बोनेट साधारण साडेतीन ते चारने वाढते. दाब ६० वर स्थिरावलेल्या बाईचे बायकार्बोनेट २४ वरून ३१-३२ वर गेलेले दिसेल.

रक्तातले क्षार म्हणजे विद्युतभार असलेले कण. सोडियम आणि पोटॅशियम धन भाराचे, क्लोराइड आणि बायकार्बोनेट ऋण भाराचे. रिपोर्टमध्ये त्यांच्यापुढे ‘एमईक्यू’ असे लिहिलेले असते, ते या भाराचे माप आहे. रक्तात धन आणि ऋण भार कायम सारखे असावे लागतात; त्यात सूट नाही. म्हणून ऋण भाराचे बायकार्बोनेट सात-आठने वाढले, तर दुसऱ्या कुणातरी ऋण कणाला जागा सोडावी लागते, आणि ती क्लोराइड सोडते. मूत्रपिंडे ते लघवीवाटे जाऊ देतात. जुन्या सीओपीडी रुग्णाच्या रिपोर्टमध्ये क्लोराइड ९५ किंवा त्याच्याही खाली सापडते ते यामुळे.

म्हणजे या रुग्णाच्या जेवणात मीठ कमी पडले, असा त्या घसरलेल्या आकड्याचा अर्थ नसतो. फुप्फुसात किती वायू अडकला आहे, याची ती रक्तात उमटलेली खूण असते. धमनीतले रक्त काढून वायूंचा दाब मोजणारी एबीजी तपासणी तालुक्याला सहसा होत नाही. तिथे साध्या क्षारांच्या रिपोर्टमधले चढलेले बायकार्बोनेट आणि उतरलेले क्लोराइड ही जोडी जाणत्या डॉक्टरला बरेच सांगून जाते. लघवीच्या गोळीनेही हीच जोडी दिसू शकते, म्हणून घरात कोणत्या गोळ्या चालू आहेत हे आधी विचारावे लागते.

या सगळ्याची खरी कसोटी लागते ती बरे होताना. मास्क लावून श्वासाला जोर देणाऱ्या बायपॅप मशीनवर रुग्णाला ठेवले की साचलेला कार्बन डायऑक्साइड काही तासांत उतरतो. मूत्रपिंडांनी अनेक दिवस साठवलेले बायकार्बोनेट मात्र जागच्या जागी राहते. आता रक्त उलट्या बाजूला, अल्कधर्मी होते. त्यामुळे श्वास घेण्याची मेंदूची प्रेरणा मंदावते आणि पोटॅशियम आणखी घसरते. जास्तीचे बायकार्बोनेट बाहेर टाकायला मूत्रपिंडांना क्लोराइड हवे असते आणि तेच संपलेले असते. श्वास सुधारलेल्या रुग्णाला डॉक्टर पोटॅशियम क्लोराइड किंवा सलाईन देतात, तेव्हा त्यातल्या क्लोराइडचे महत्त्व पोटॅशियमइतकेच असते. माझ्या मते या आजारात सर्वांत दुर्लक्षित क्षार कोणता असेल, तर तो हाच.

> चौकट : रिपोर्टवरचे नेहमीचे आकडे
> (प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो)
> सोडियम : १३५ ते १४५ एमईक्यू प्रति लिटर
> पोटॅशियम : ३.५ ते ५
> क्लोराइड : ९६ ते १०६
> बायकार्बोनेट : २२ ते २८
> मॅग्नेशियम : १.७ ते २.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर
> सोडियम १२५ च्या खाली किंवा पोटॅशियम ३ च्या खाली असेल, तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

वाफ दिल्यावर पोटॅशियम कुठे जाते?

आता त्या कप न धरवणाऱ्या हाताकडे येऊ. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवात उरते जेमतेम दोन टक्के. साठ किलोच्या माणसाच्या अंगात तीन हजार एमईक्यू पोटॅशियम धरले, तर त्यातले साठच्या आसपास बाहेर असते, आणि रिपोर्ट सांगतो तो या साठांबद्दल. आत-बाहेरचा हा फरक टिकवण्यासाठी प्रत्येक पेशीच्या आवरणावर अहोरात्र एक पंप चालू असतो. तीन सोडियम बाहेर टाकायचे, दोन पोटॅशियम आत ओढायचे. हा पंप डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना ओळखला. त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले ते चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये.

वाफेच्या मशीनमध्ये घालतात ते सालब्युटामोल श्वासनलिकांचे आखडलेले स्नायू सैल करते आणि जीव वाचवते. पण तेच औषध रक्तात उतरून स्नायूंच्या पेशींवरचा हा पंप जोरात चालवते. पोटॅशियम रक्तातून पेशींत शिरते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे, की ज्यांचे पोटॅशियम धोकादायक वाढलेले असते अशा मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टर मुद्दाम सालब्युटामोलची मोठी मात्रा वाफेतून देतात, आणि पोटॅशियम अर्ध्या ते एक एमईक्यूने उतरते. धाप लागलेल्या बाईला अडीच-अडीच मिलिग्रॅमची वाफ रात्रभर पुन्हा पुन्हा दिली, तर तिच्या रक्तातही तसेच घडणार.

त्यात भर पडते इतर औषधांची. डेरिफायलिनचे इंजेक्शन किंवा गोळी पोटॅशियमला त्याच दिशेने ढकलते. हायड्रोकॉर्टिसोनसारखे स्टेरॉइड मूत्रपिंडातून पोटॅशियम गळू देते. फुप्फुसातल्या वाढलेल्या दाबाने हृदयाची उजवी बाजू थकून पायांवर सूज आलेली असेल, तर लघवीची गोळी चालू असते. तिच्यामुळे पोटॅशियम, सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम असे सगळेच वाहून जाते. चार-आठ दिवसांत पोटभर जेवण गेलेले नसते. यातले एकेक कारण एकेकटे आले तर शरीर सहन करते, पण इथे सगळी एकाच रात्री एकाच देहात भेटतात.

भरतीच्या वेळचा रिपोर्ट याबाबतीत फसवूही शकतो. रक्त आम्लधर्मी असताना थोडे पोटॅशियम पेशींबाहेर येते आणि आकडा ३.८ असा निर्धास्त करणारा दिसतो. उपचारांनी आम्लता उतरली, वाफ आणि स्टेरॉइड चालू राहिले, की खरी तूट उघडी पडते. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणे गरजेचे. तो खर्च वाचवू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पोटॅशियम फार उतरले की स्नायू लुळे पडतात. श्वास घेण्याचे मुख्य काम करणारा पोटाच्या वरचा पडदा हाही स्नायूच आहे. आधीच थकलेल्या त्या पडद्याची ताकद गेली, तर धाप परत येते आणि घरच्यांना वाटते दमा उलटला. हृदयाचे ठोकेही चुकू लागतात. डिगॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण पोटॅशियम कमी असताना तिची नेहमीची मात्राही विषासारखी वागते.

केळी खाऊन भागेल का?

शेजारच्या जळगावची केळी देशभर जातात, तेव्हा हा प्रश्न येणारच. शंभर ग्रॅम केळ्याच्या गरात सुमारे ९ एमईक्यू पोटॅशियम असते. साठ्यातली तूट रक्तात ०.३ ने दिसू लागते तेव्हा ती अंगात साधारण १०० एमईक्यूची असते, असा एक जुना अंदाज आहे. म्हणजे ३.५ वरून २.९ वर आलेल्या रुग्णाला दोनशे एमईक्यू भरून काढायचे आहेत, त्याला वीसेक केळी लागतील. पोटॅशियम क्लोराइडच्या नेहमीच्या पातळ औषधात १५ मिलिलिटरला २० एमईक्यू मिळते. शिवाय केळ्यात क्लोराइड अगदी थोडे असते, आणि या रुग्णाला तर तेही हवे असते.

केळी वाईट असे मुळीच नाही. बरे होणाऱ्याने ती जरूर खावीत. पण टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, मूत्रपिंडे कमजोर असतील, तर पोटॅशियम वाढण्याची भीती असते. अशा माणसाला शहाळी, केळी आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे पोटॅशियमयुक्त मीठ यांचा मारा घरच्यांनी आपल्या मनाने करू नये.

कधी पोटॅशियम कितीही दिले तरी आकडा हलत नाही. तेव्हा मॅग्नेशियम पाहावे लागते. मूत्रपिंडात पोटॅशियम गळण्याच्या वाटा मॅग्नेशियमने दाबून धरलेल्या असतात. ते कमी पडले की वाटा मोकळ्या होतात आणि दिलेले औषध लघवीत जाते. मॅग्नेशियम घटायला लघवीची गोळी कारण असते, दारू असते, आणि रोज सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी गॅसची गोळीही. पॅन्टोप्राझोलच्या जातीची ही औषधे वर्षभर किंवा त्याहून जास्त घेतल्यास मॅग्नेशियम उतरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ सालीच दिलेला आहे. आपल्याकडे ती गोळी औषध म्हणून सांगायचीही राहून जाते.

सोडियम : मीठ घटले की पाणी वाढले?

भलतेच बोलू लागणाऱ्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये बहुधा सोडियम घसरलेले असते. घरचे लगेच मिठाचे पाणी पाजायला निघतात. पाहुणे आले म्हणून वरणात तांब्याभर पाणी वाढवले तर वरण अळणी लागते. घातलेले मीठ तेवढेच असते. सीओपीडीतल्या कमी सोडियमचे पुष्कळदा असेच असते. मीठ अंगात आहे, पाणी जास्त झाले आहे.

पाणी का साचते? मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी एडीएच नावाचे संप्रेरक सोडते. ते मूत्रपिंडांना सांगते, पाणी सोडू नका. एरवी तहान लागली, घाम गेला तरच ते वाढते. पण रक्तातला ऑक्सिजन उतरला, कार्बन डायऑक्साइड चढला, न्यूमोनिया झाला, थकलेल्या हृदयामुळे धमन्यांतला प्रवाह मंदावला, तरी ते वाढलेलेच राहते. गरज नसताना असे पाणी धरून ठेवले जाते, हे १९५७ साली विल्यम श्वार्ट्झ आणि फ्रेडरिक बार्टर यांनी दोन रुग्णांत प्रथम नीट मांडले. ते दोघेही फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण होते. पुढे फुप्फुसाच्या इतर आजारांतही हे आढळत गेले.

रक्त असे पातळ झाले की पाणी पेशींत शिरते आणि मेंदूच्या पेशी फुगतात. कवटीत जागा मोजकीच. मग सुस्ती, गोंधळ, झटके. इथे ‘एक बाटली लावून टाका’ हा आग्रह महागात पडतो. बाटली पाच टक्के डेक्स्ट्रोजची असेल, तर त्यातली साखर शरीर वापरून टाकते आणि मागे उरते निव्वळ पाणी. सोडियम आणखी खाली जाते. सलाईनची बाटली पायांवरची सूज वाढवू शकते. अनेकदा खरा उपाय असतो पाणी मोजून पिणे आणि मूळ संसर्ग बरा करणे. लघवीच्या गोळीने आणि उन्हाळ्यातल्या घामाने सोडियम खरोखर गेलेले असेल, तर उपचार उलटे असतात. हे ठरवायला रुग्णाला तपासावे लागते, रिपोर्टचा एक आकडा पुरत नाही. आणि सोडियम चढवायचेही असते धिम्या गतीने, २४ तासांत ८ ते १० हून जास्त नाही. घाई केली तर मेंदूतल्या तंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते.

आणखी एक कारण खेड्यात वारंवार दिसते. दम भरला की ‘पावरची गोळी’ घ्यायची, ही सवय कित्येकांना वर्षानुवर्षे असते. त्या गोळीत बहुधा स्टेरॉइड असते. बाहेरून रोज मिळू लागल्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे जवळजवळ थांबवतात. मग गोळी संपली, यात्रेला गेल्यावर विसरली किंवा कुणी ‘ती वाईट आहे’ म्हणून एकदम बंद केली, की अंगातले कॉर्टिसोल तुटते. रक्तदाब पडतो, उलट्या होतात, एडीएच वाढते आणि सोडियम घसरते. ही गोळी सोडायची ती डॉक्टरांच्या सांगण्याने, पायरीपायरीने. आणि दवाखान्यात गेल्यावर ती घेत होतो हे लपवू नये. रागावतील म्हणून लपवले, तर नेमके हेच कारण शोधायचे राहून जाते.

मे महिन्यातला नमुना, डिसेंबरातला नमुना

शेवटी रक्ताच्या नळीबद्दल. तालुक्याला काढलेले रक्त पुष्कळदा गाडीने धुळ्याला जाते आणि तपासले जाईपर्यंत काही तास उलटतात. नळीतल्या पेशी जिवंत असतात, त्यांच्यावरचे पंप चालूच असतात. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना नळी उन्हात तापली, तर पंप जोरात चालतात, पोटॅशियम पेशींत ओढले जाते आणि आकडा खोटाच कमी येतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. नळी गारठली किंवा कुणी ती थेट फ्रीजमध्ये ठेवली, तर पंप थंडावतात, पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आकडा खोटाच जास्त येतो. दंड घट्ट आवळून, बारीक सुईने जोरात ओढून किंवा नळी हलवून तांबड्या पेशी फुटल्या, तरी पोटॅशियम वाढलेलेच दिसते.

थंडीचेच दिवस या रुग्णांना सर्वांत जड जातात, आणि त्याच दिवसांत रिपोर्ट पोटॅशियम जास्त दाखवून खरी तूट झाकू शकतो. रुग्णाचे हातपाय लुळे आणि रिपोर्ट चांगला, असा विसंवाद दिसला तर डॉक्टर ईसीजी काढून हृदयाच्या आलेखावर पोटॅशियमच्या खुणा शोधतात आणि रक्त पुन्हा मागवतात. घरच्यांनी तेव्हा ‘आत्ताच तर काढलं होतं’ म्हणून नाही म्हणू नये. तालुक्याच्या पातळीवर करण्यासारखे काम त्याहून सोपे आहे. रक्त काढल्यावर ते गोठू द्यायचे, मग तासा-दोन तासांच्या आत तिथल्याच सेंट्रिफ्यूजवर फिरवून पेशींपासून सिरम वेगळे करायचे आणि तेवढेच धुळ्याला पाठवायचे. पेशी मागे राहिल्या की वाटेत ऊन असो वा थंडी, पोटॅशियमचा आकडा शिंदखेड्यात रक्त काढताना होता तोच राहतो.